कसारा घाटात इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला, गॅरेजचं एस्टिमेट २३ हजार. एवढं खरंच लागतं का?

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस६, ५२ हजार किमी झालेत. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी.

रविवारी कल्याणहून नाशिकला परत येताना कसारा घाटाच्या चढावर गाडी झटके मारायला लागली. पिकअप एकदम गेला आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. धो धो पाऊस, मागे ट्रकची रांग, बाजूला घ्यायला जागा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वर काढली. इगतपुरीला थांबलो, चहा होईपर्यंत गाडी बंद ठेवली. परत सेल्फ मारला तेव्हा झटके बरेच कमी होते, दिवा लुकलुकायचा थांबून नुसता लागून राहिला होता. तसाच घरी आलो.

नंतर एका गॅरेजला दाखवली (नाव घेत नाही). स्कॅनर लावला, दोन मिनिटांत एस्टिमेट हातात: चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या), चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि एक ऑक्सिजन सेन्सर. एकूण २३ हजार. बिघाडाचा कोड काय आला विचारलं तर म्हणे "मिसफायरचा आहे साहेब, तुम्हाला काय कळणार". गाडी परत घेऊन आलोय. दिवा अजून चालूच आहे. चालवू की नको?

मिसळ_आणि_मायलेज
इगतपुरीच्या चहानं झटके कमी झाले असतील तर रोज पाज. (हलके घ्या.) एस्टिमेटमध्ये "क्लीनिंग" दोनदा आलं की मी उठून बाहेर येतो.

निवृत्त_सातपूर
पाथर्डीफाटा, दिवा लुकलुकणं आणि दिवा नुसता लागून राहणं यात मोठा फरक आहे, तो आधी समजून घ्या. लागून राहिला तर घाई नसते, चार-आठ दिवसांत दाखवलंत तरी चालतं. लुकलुकला तर त्या क्षणी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये, यालाच मिसफायर किंवा मिसिंग म्हणतात. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. आतली जाळी त्या उष्णतेनं वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे कन्व्हर्टर बदलायचा खर्च तुमच्या २३ हजारांच्या पुढे जाऊ शकतो. घाटात तुम्हाला थांबता आलं नाही हे समजू शकतो, पण ॲक्सिलरेटर कमी ठेवलात ते बरं केलंत. पुन्हा लुकलुकला तर बाजूला घ्या आणि टोचन करून आणा.

जुगाडू_नाशिकरोड
एवढं कशाला? बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १५ मिनिटं काढून ठेव. दिवा जातो. मी दर वेळी असंच करतो.

अंबड_मिस्त्री
जुगाडू भाऊ, दर वेळी करावं लागतं यातच उत्तर आलं 🙂

टर्मिनल काढलं की कोड पुसला जातो, आणि त्याच्याबरोबर त्या क्षणाची नोंदसुद्धा जाते. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. फॉल्ट आला तेव्हा गाडी किती स्पीडला होती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती, हे सगळं त्यात असतं. आम्हाला शोधायला तेवढाच धागा असतो. तो पुसून गाडी आमच्याकडे आणली की मग अंदाजानं पार्ट बदलायची पाळी येते. काही गाड्यांत टर्मिनल काढल्यावर आयडलिंग परत सेट व्हायला वेळ लागतो, म्युझिक सिस्टिमचा कोड मागते, पॉवर विंडोचं ऑटो जातं, ते वेगळंच.

आता पाथर्डीफाटा दादा तुमचं. गॅरेजला विचारायचं होतं ते एवढंच: कोडचा पूर्ण नंबर. पी०३०० आला असेल तर कुठलं तरी सिलिंडर मिसिंग करतंय, ठराविक नाही. पी०३०१ म्हणजे पहिलं, पी०३०२ दुसरं, असं पुढे. हे नंबर सगळ्या कंपन्यांना सारखेच. एकाच सिलिंडरचा नंबर असेल तर चारही कॉइल बदलायचं कारण काय?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचा सॉकेट असतो. त्यात लावायचं ब्लूटूथचं छोटं स्कॅनर ऑनलाइन हजाराच्या आत मिळतं, मोबाइलवर ॲप टाकून इंजिनाचे कोड वाचता येतात. ओळखीत कोणाकडे असेल तर मागून घ्या. कोड वाचा, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, मगच पुसा. आणि स्कॅनर तिथेच लावून ठेवू नका, गाडी उभी असताना बॅटरी ओढतं.

कोड पी०३०३ आला असं धरू. बोनेट उघडा, इंजिन पूर्ण थंड, चावी बंद. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसून चक्कर मारा. आता पी०३०१ आला तर कॉइलच गेलीय, कारण फॉल्ट तिच्याबरोबर फिरला. परत पी०३०३ च आला तर कॉइल बरी आहे. मग प्लग तसाच अदलून बघायचा. तरी तिसराच राहिला तर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन. ही अदलाबदल फुकटची आहे. कोणताही फिटर अर्ध्या तासात करतो.

स्वाती_गंगापूररोड
वाचतेय. मिस्त्रीदादा, खूप छान समजावलंत. थोडं अवांतर विचारू का? बाबांची डिझेल गाडी आहे, २०२० च्या शेवटी घेतलेली. ते गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला भाजीला, कधी रामकुंडावर, कधी आत्याकडे इंदिरानगरला, एवढंच चालवतात. त्यांच्या डॅशबोर्डवर एक वेगळाच पिवळा दिवा येतोय, डब्यात ठिपके असल्यासारखा. बाबा म्हणतात गाडी तर मस्त चालतेय, दिव्याकडे लक्ष देऊ नको.

निवृत्त_सातपूर
स्वातीताई, अवांतर कसलं, याच धाग्याचा विषय आहे. तो डीपीएफचा दिवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) लागू झालं तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून तिथलं तापमान वाढवते आणि काजळी जाळते. पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ एका वेगानं पळायला हवी. कॉलेज रोडच्या सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला ते जमतच नाही. जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात आत्याचं घर येतं आणि वडील चावी काढतात.

टाकीत पुरेसं डिझेल असू द्या, कारण कमी इंधन असलं तर बऱ्याच गाड्या हे काम सुरूच करत नाहीत. द्वारका चौकाच्या उड्डाणपुलावरून थेट ओझर, पुढे पिंपळगावपर्यंत जाऊन या. ६०-८० चा वेग, गिअर एक खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या वर, साधारण २० मिनिटं न थांबता. नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतात, ते प्रमाण. मध्ये पंख्याचा आवाज वाढेल, थोडा गरम वास येईल, घाबरू नका. दिवा गेला तर झालं. न जाता इंजिनाचा दिवाही सोबत लागला किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर मात्र जास्त फिरवू नका, वर्कशॉपला स्कॅनर लावून ती सफाई करून घ्यावी लागेल.

अंबड_मिस्त्री
काकांनी सगळं सांगितलं. एकच जोडतो. डिपस्टिक बघा. अर्धवट सफाई परत परत झाली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. कमी झाली की सगळे बघतात, वाढलेली कोणी बघत नाही. मॅक्सच्या वर गेली असेल तर ऑइल बदला, पातळ ऑइलनं बेअरिंग जातात.

आणि खरं सांगू का, ज्यांचं रोजचं चालणं गावातल्या गावात आहे त्यांनी डिझेल घ्यायलाच नको होती. आता घेतलीय तर आठवड्यातून एकदा हायवे दाखवायचा.

स्वाती_गंगापूररोड
बाबांना पिंपळगावला जायला कारण मिळालं म्हणून ते खूश आहेत. द्राक्षं घेऊन येतो म्हणाले. आत्ता कुठली द्राक्षं, पण असो.

निफाडकर_द्राक्षबाग
ताई, पावसात द्राक्षं नाही, ऑक्टोबरात छाटणी, माल जानेवारीनंतर. तेव्हा पाठवा बाबांना, आमच्या मळ्यावर चहा पाजू.

इथे सगळे पिवळ्यावर बोलताय, मी लाल दिव्याचं सांगतो. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एकाचा पिकअप. नदीच्या पात्रातल्या रस्त्यानं कांदा भरून निघाला, खाली दगड लागला, ऑइलचा चेंबर फुटला. किटलीचा लाल दिवा लागला. त्याला वाटलं ऑइल थोडं कमी झालं असेल, लासलगावला लिलाव गाठू, मग बघू. लासलगाव काही आलं नाही. इंजिन सीज. क्रँक, बेअरिंग, सगळं काम निघालं. कांद्याच्या त्या खेपेत जे मिळायचं त्याच्या कितीतरी पट मिस्त्रीला गेलं.

अंबड_मिस्त्री
बरोबर. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. तो लागला म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतच नाहीये. तिथून पुढे काही सेकंदांचाच हिशेब असतो. गाडी बाजूला, चावी बंद, सपाट जागा बघून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक. पातळी बरोबर असली तरी परत स्टार्ट करायची नाही, पंप किंवा स्विच यातलं काय ते तपासल्याशिवाय. बऱ्याचदा किरकोळ वाटणारा ऑइल स्विच खराब निघतो, पण ते ठरवायचं काम रस्त्यावर होत नाही.

जुगाडू_नाशिकरोड
लाल तापमानाचा दिवा आला तर? मागच्या उन्हाळ्यात वणीच्या गडावर चढताना एकाची गाडी उकळली, त्यानं बाटलीभर थंड पाणी इंजिनावर ओतलं. बरोबर ना?

निवृत्त_सातपूर
अजिबात नाही! तापलेल्या हेडवर थंड पाणी पडलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होऊ शकतं, तडा जाऊ शकतो. आणि रेडिएटरचं झाकण तर हातही लावू नका. आत दाब असल्यामुळेच ते पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नसतं. झाकण सैल केलंत की दाब गेला, आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. भाजल्याच्या केसेस अशाच होतात.

काटा चढायला लागला एवढंच असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पंखा मोठा. गरम होईल, घाम येईल, पण इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. लाल दिवा लागलाच किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन बंद. किमान अर्धा-पाऊण तास बोनेट उघडं ठेवून बसा. मग बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी बघा.

मूळ दुखणं बहुतेकदा कूलंटचं असतं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओततात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण आणा. सकाळी दिसणारा निळा थर्मामीटर मात्र नुसता इंजिन थंड आहे म्हणून असतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

निफाडकर_द्राक्षबाग
निळा दिवा आमच्याकडे डिसेंबरात बराच वेळ जात नाही. निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पारा पाच-सहापर्यंत येतो. तेव्हा डिझेलवाल्यांनी चावी फिरवून पिवळं स्प्रिंगचं चिन्ह जाईपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. आमचे पोरं थांबतच नाहीत, घरघर करत राहतात आणि बॅटरी बसवतात.

पाथर्डीफाटा
अपडेट. सोसायटीतल्या एकाकडे स्कॅनर निघालं. मिस्त्रीदादा, तुम्ही उदाहरणात जो नंबर लिहिलात तोच आला: पी०३०३. दुसरा कुठलाही नाही, ऑक्सिजन सेन्सरचा तर नाहीच. फ्रीझ फ्रेममध्ये स्पीड ३४, आरपीएम २८०० च्या आसपास, लोड बराच वर. म्हणजे घाटातलाच.

आज सकाळी तिसऱ्याची कॉइल काढली तर खड्ड्यात पाणी! प्लगच्या भोवती खाली चक्क पाणी साचलेलं. कॉइलच्या खालच्या रबराला पांढरट डाग आणि एक बारीक चीर. पावसानं एवढं पाणी आत जातं का?

अंबड_मिस्त्री
पावसानं नाही जात सहसा. इंजिन वॉश केलं होतं का?

पाथर्डीफाटा
हो! निघायच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला दिली होती. त्यांनी स्वतःहून बोनेट उघडून प्रेशरनं धुतलं, वर "साहेब चकाचक" म्हणून दाखवलं.

अंबड_मिस्त्री
झालं मग. प्रेशरचं पाणी कव्हरच्या खालून प्लगच्या विहिरीत उतरलं. सपाट रस्त्याला कॉइलवर ताण कमी, चालून गेली. घाटात लोड आला की स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, तेव्हा करंट प्लगच्या टोकाला न जाता चिरेतून आणि पाण्यातून बाहेर पळाला. इगतपुरीला गाडी उभी असताना इंजिनाच्या उष्णतेनं पाणी थोडं उडालं, म्हणून झटके कमी झाले.

प्लग लगेच काढू नका. आधी विहीर कोरडी करा, कॉम्प्रेसरची हवा किंवा कापडाची वळकटी, नाहीतर प्लग काढताक्षणी पाणी सिलिंडरमध्ये. हवा मारताना डोळे सांभाळा. मग कॉइल पहिल्यावर बदलून बघा.

मिसळ_आणि_मायलेज
म्हणजे चहाचं काही नव्हतं तर. माझा सिद्धांत बाद.

निवृत्त_सातपूर
इथेच बघा, कोड हा पंचनाम्यातला पत्ता आहे, आरोपीचं नाव नव्हे. पी०३०३ नं घर दाखवलं, आत कोण बसलंय ते उघडून बघावं लागलं. यंत्रानं नंबर दिला की तिथल्या आजूबाजूचे सगळे पार्ट बदलायचे, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. त्यात दुरुस्ती होऊनही जाते, म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही की पाचातले चार पार्ट चांगलेच होते.

सिडको_चालक
गॅरेजवाल्यांची बाजू पण घ्या कोणीतरी. तपासायला दोन तास घालवले आणि ३०० रुपये तपासणी म्हणून मागितले तर गिऱ्हाईक भांडतं. पार्ट विकला तर हसत पैसे देतं. मग ते पार्टच विकणार. मी तरी आता सांगतो, शोधायचे वेगळे पैसे घ्या, पण जुना पार्ट आणि कोड दोन्ही हातात द्या.

अंबड_मिस्त्री
हे कोणीतरी बोललं, बरं वाटलं.

गोदाकाठ_७
माझ्या २०१७ च्या गाडीलाही पिकअप कमी वाटतो. ई२० पेट्रोलमुळे असेल का? दिवा वगैरे काही नाही.

निवृत्त_सातपूर
इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे २० टक्के मिश्रणानं मायलेज थोडं घटतं हे गणितानंच येतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील सर्व्हिसिंगला बघून घ्या. पण पिकअप गेल्याचं खापर लगेच त्याच्यावर फोडू नका. आधी एअर फिल्टर, प्लग आणि टायरची हवा. याच्यावर भांडण करायचं तर कृपया दुसरा धागा.

पाथर्डीफाटा
शेवटचं अपडेट. विहीर कोरडी केली, कॉइल अदलली, कोड पुसला आणि पांडवलेणीच्या पुढे विल्होळीपर्यंत हायवेला तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ओढली. पी०३०१ आला! फॉल्ट कॉइलबरोबर फिरला. तीच एक कॉइल बदलली. प्लग ५२ हजार किमीचे साधे निकेलचे होते, ते तसेही बदलायची वेळ उलटली होती म्हणून चारही घेतले. अंबडलाच एका छोट्या गॅरेजमधून फिट करून घेतले. मजुरीसह पाच हजारांच्या थोडं आत. बाकी तीन कॉइल, थ्रॉटल, सेन्सर, सगळं जसंच्या तसं. परत घाटातून गेल्याशिवाय पूर्ण खात्री नाही, पण सध्या गाडी लोण्यासारखी आहे.

प्रश्न: या वेळी कोड पुसला नसता तर दिवा आपोआप गेला असता का?

अंबड_मिस्त्री
हो, फॉल्ट खरंच गेला असेल तर सलग तीन चांगल्या फेऱ्यांत गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच दिवा बंद करतो. मेमरीत नोंद मात्र पुढे बराच काळ राहते. जुनी कॉइल टाकून देऊ नका, चीर असलेली आहे म्हणून चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर कोणीतरी स्पेअर म्हणून परत लावेल.

स्वाती_गंगापूररोड
आमचाही निकाल आला. बाबा पिंपळगावच्या टोलपर्यंत जाऊन आले, दिवा ओझरच्या पुढे कुठेतरी गेला. डिपस्टिकवर पातळी मॅक्सच्या किंचित वर आहे, या आठवड्यात ऑइल बदलतोय. आणि एक शेवटचं: गाडी आतून व्हॅक्यूम केल्यापासून लाल एअरबॅगचा दिवा लागलाय. स्वस्त स्कॅनरला काहीच दिसत नाही.

अंबड_मिस्त्री
दिसणार नाही ताई. साधं स्कॅनर इंजिनाचं वाचतं, एअरबॅग आणि एबीएसला मोठं लागतं. बहुतेक सीटखालचा पिवळा कनेक्टर व्हॅक्यूमच्या पाइपानं हलला असेल. पण तो स्वतः ओढू-खेचू नका, टेस्टर तर मुळीच लावू नका, बॅगला चुकून करंट गेला तर ती फुगते. आधी बॅटरी सोडवून, काही मिनिटं थांबून मगच ते काम करतात. दिवा आहे तोवर अपघात झाला तर बॅग उघडेलच असं नाही, म्हणून ऑइल बदलायला जाल तेव्हाच हेही करून घ्या. पुढच्या पिंपळगाव फेरीच्या आधी.